वांग्यांची नजर उतरवली

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधीच जमलं नाही. हे कुणाच्या हाती पडलं तर त्यानं सांभाळून घ्यावं. पण मी ज्यांच्याकडे स्वयंपाक करते, त्या काकांसारखा वांग्याकडे बघणारा माणूस सगळ्या परभणीत दुसरा नाही, एवढं मात्र मी शुद्ध लिहिते.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले. जिल्ह्यातले बांध त्यांनी वीतवीत मोजले, पण घरात काकू वाळत चालल्या ते त्यांना दिसलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. "रोज समोरच तर बसायची," एवढंच ते एकदा मला म्हणाले. मग बघायला शिकायचं म्हणून त्यांनी रंगांची पेटी आणली. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या टेबलावर तांब्या, दोन वांगी, कोथिंबिरीची जुडी मांडायची आणि बघत बसायचं. कोथिंबीर हलते म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद. बनियन घामानं चिंब, पण डोळा वांग्यावरून ढळत नाही. चित्र होईतो वांगं सुकतं. मग सुकलेलं काढायचं म्हणून पहिलं खोडतात. तांब्याचं चित्र बघून दूधवाल्यानं विचारलं, भोपळा केवढ्याला घेतला? काका रागावले नाहीत. त्याला बसवून तांब्याचा एकेक पोचा दाखवला, आणि बाहेर गाडीवर त्याचं दूध नासलं.

मला मात्र धास्ती वाटायची. जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघू नये म्हणतात. इथे तर भाजीवरच दिवसभर नजर, आणि तीच भाजी मी काकांना खाऊ घालायची. म्हणून ते आंघोळीला गेले की मी मीठ-मोहरी मुठीत घेऊन वांग्यांवरून उतरवायची. एकदा मूठ सैल झाली असावी. संध्याकाळी बघते तर चित्रात तांब्याच्या बुडाशी पांढरे खडे आणि काळे ठिपके, दाणा न् दाणा काढलेला.

"सुमन, हे काय सांडलं गं?"

मी पदराचं टोक पिळत राहिले. शेवटी सांगून टाकलं, "तुमची नजर लागती, काका. भाजीला."

मला वाटलं हसतील. ते ब्रश धूत राहिले. पाणी नितळ झालं तरी धूतच होते.

"माजी नजर कुणाला लागलीच न्हाई, सुमन. तिथंच तर घोटाळा झाला."

कुठे तोंड लपवू असं मला झालं. तीच वांगी भाजून मी भरीत केलं. भाकरी वाढायला वाकले, तशी काका खाली बघत हळूच म्हणाले, "टाच लय फुटली तुजी. चालताना दुखत असंल. मेण लावत जा."

मी पातळ खाली ओढून पाय झाकले. दुखतं म्हणून मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं. चुलीकडे तोंड करून उभी राहिले ती बराच वेळ. तव्यावरची भाकरी करपली. तेही त्यांनी बघितलंच असणार, पण त्या दिवशी ते काही बोलले नाहीत.