आर्डिस क्वामेच्या राष्ट्रीय भूमिका

आर्डिस क्वामे निवडणूक हरली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मतमोजणीची वाट बघत कुणी शेवटापर्यंत ताटकळायला नको. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहासाठी आमच्या भागातून तिचा पक्ष कित्येक वर्षं हरतच आला आहे आणि तिने त्या परंपरेला धक्का लावला नाही. त्या वर्षी खरं पणाला लागलं होतं ते वेगळंच. गुरुवारच्या पत्त्यांतला तिचा जोडीदार.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही चौघं कॉर्लिस नूडसनच्या स्वयंपाकघरात युकर खेळतो. मोजकी पानं, दोन जोड्या, आणि हुकमाचा गुलाम राजाराणीलाही मारतो. प्रजासत्ताकाला साजेसा खेळ आहे. कॉर्लिस चर्चमध्ये ऑर्गन वाजवते आणि माझी जोडीदार आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचो, त्यामुळे मला सध्याच्या डावातलं फारसं कळत नाही हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. दुसरी जोडी आर्डिस आणि व्हर्लिन प्रोहास्का यांची.

व्हर्लिनकडे साठ गायी आहेत आणि एक धड गुडघा. आर्डिसने एकतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. आमच्या टॅमारॅक गावाच्या आसपासच्या गोठ्यांतून दूध उचलायचं आणि चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. व्हर्लिनचा गोठा तिच्या वाटेवरचा शेवटचा, म्हणून कॉफी तिथे. कॉफीबरोबर राजकारण आणि राजकारणाबरोबर भांडण, कारण दोघांचे पक्ष वेगळे. मतदानाच्या दिवशी दोघं एकाच पिकअपमधून जायची, एकमेकांचं मत फुकट घालवायची आणि पेट्रोल वाचवलं म्हणून खूश होऊन परत यायची.

पक्षाच्या जिल्हा बैठकीत उमेदवाराचा विषय निघाला तेव्हा आर्डिस आत कॉफी करत होती. ट्रे घेऊन बाहेर आली तर टाळ्या वाजत होत्या. तिला वाटलं कॉफीसाठीच.

अर्जासाठी हजार सह्या लागतात. आमच्याकडे दारात उभ्या असलेल्या माणसाला सही नाकारणं उद्धटपणाचं समजलं जातं, त्यामुळे तिला कधीही मत न देणाऱ्यांनीही सह्या दिल्या. व्हर्लिनने तर पेनही स्वतःचं काढलं.

"सही म्हणजे मत नव्हे हं, आर्डिस."

"माहितीये रे बाबा. खाली पत्ता लिही, आणि कुणाला वाचता येईल असा लिही."

इथवर सगळं ठीक होतं. मग तिला भूमिका घ्याव्या लागल्या.

भूमिका राजधानीतून आल्या, एका जाड फाइलमधून. त्या घेऊन आले डिलेनी नावाचे सल्लागार. त्यांच्या बुटांना आमच्या मातीची सवय नव्हती. आरोग्यविमा, स्थलांतरित, बंदुका, राष्ट्रीय कर्ज, परदेशातली युद्धं: प्रत्येक प्रश्नावर देशाचं नेमकं काय करायचं ते त्यात ठळक अक्षरांत होतं. आर्डिसने फाइल रात्रभर वाचली आणि सकाळी त्यातली निम्मी पानं काढून त्यांच्या हातात ठेवली.

"ही माझी नाहीत."

"मग या विषयांवर तुमची भूमिका काय?"

"माहीत नाही."

"मॅडम, 'माहीत नाही' ही भूमिका नसते."

"माझी तीच सगळ्यात पक्की आहे."

उरलेल्या निम्म्या मात्र तिने मनापासून धरल्या. पंचावन्नच्या पुढे ज्याला हवा त्याला एरवी पासष्टीला मिळणारा म्हातारपणाचा सरकारी आरोग्यविमा विकत घेता यावा. बंदूक दुकानातून घ्या की शेजाऱ्याकडून, आधी घेणाऱ्याची चौकशी व्हावी. हे ती हरणाच्या शिकारीची नारिंगी टोपी घालूनच सांगायची. आणि गोठ्यांवर राबणाऱ्या परदेशी माणसांना बारमाही परवाना मिळावा. शेतातल्या हंगामी कामाला परवाना मिळतो, दुधाला मिळत नाही, कारण गाईला हंगाम नसतो हे वॉशिंग्टनला अजून कुणी सांगितलेलं नाही.

ही शेवटची भूमिका ती जूनमध्ये सकाळच्या रेडिओवर मांडत होती. डुकरांचे भाव झाले, हवामान झालं, मग आर्डिस. निवेदकाने विचारलं, उदाहरण देता येईल का? डिलेनींच्या फाइलमध्ये लिहिलं होतं की उदाहरण नेहमी माणसाचं द्यावं. तिने दिलं.

"आता माझा पत्त्यांतला जोडीदारच घ्या. त्याच्या गोठ्यात दोघं आहेत, नवराबायको. कागद नाहीत. ती दोघं नसतील तर गायी कोण पिळणार?"

नाव घेतलं नाही. टॅमारॅकमध्ये नाव घ्यायची गरज नसते.

हिलारिओ आणि नेली पाच वर्षं व्हर्लिनच्या गोठ्यामागच्या घरात राहत होती. रेडिओ त्यांच्याही गोठ्यात लागलेला असतो. दुपारी त्यांनी सामान गाडीत भरलं आणि शेजारच्या राज्यात कुणा ओळखीच्याकडे निघून गेली. संध्याकाळचं दूध व्हर्लिनने एकट्याने काढलं, एका गुडघ्यावर.

दुसऱ्या दिवशी पहाटे आर्डिस रबरी बूट घालून त्याच्या गोठ्याच्या दाराशी उभी राहिली. व्हर्लिनने तिच्याकडे न बघता सांगितलं, "माझी भूमिका अशी आहे की तू घरी जावंस."

त्या गुरुवारी तो आला नाही. पुढच्याही नाही. कॉर्लिस चौथी खुर्ची मांडतच राहिली. तिघांत युकर होत नाही, म्हणून आम्ही क्रिबेज हा फळीवर गुण मोजायचा पत्त्यांचा खेळ खेळायचो आणि खिडकीबाहेर पिकअप थांबली असं कुणालाच वाटलं नाही असं दाखवायचो. आर्डिस मधेच म्हणायची, "डिलेनी म्हणतो, जोडीदाराचं उदाहरण फार परिणामकारक ठरलं." मग कॉर्लिस उठून कॉफी ओतायची.

ऑक्टोबरात चर्चच्या तळघरात वादसभा ठरली. विद्यमान खासदारांनी दिलगिरी कळवली. त्यांचा आधी ठरलेला कार्यक्रम होता. दोन वर्षांपूर्वीही होता. डिलेनींना आनंद झाला. खासदारांची खुर्ची रिकामी ठेवायची, तिच्यावर त्यांचा पुठ्ठ्याचा पुतळा बसवायचा आणि आर्डिसने त्याला प्रश्न विचारायचे, अशी त्यांची योजना होती. पुतळा गाडीत तयार होता.

"माणूस हजर नाही आणि त्याच्या खुर्चीला हसायचं?" आर्डिस म्हणाली. "अहो, त्याची मावशी तिसऱ्या रांगेत बसलीये. हे हॅमचे सँडविच तिनेच केलेत."

पुतळा गाडीतच राहिला.

सभेची सूत्रं कॉर्लिसकडे होती. वेळ मोजायला तिने चर्चच्या स्वयंपाकघरातलं अंडी उकडायचं घड्याळ आणलं होतं. आर्डिस उठून उभी राहिली आणि म्हणाली, "एकटीने वाद घालणं मला जमणार नाही. खासदारांच्या बाजूचं कुणीतरी त्या खुर्चीत येऊन बसा. त्यांना मत देणारे कोण कोण आहात?"

निम्म्याहून जास्त हात वर आले. पुढे कुणी येईना. आमच्याकडे चर्चसुद्धा मागच्या बाकापासून भरत येतं. आर्डिसची नजर भिंतीशी, कॉफीच्या पिंपाजवळ जाऊन थांबली.

"व्हर्लिन, तू ये."

"मी कशाला?"

"चार महिन्यांत तू मला जे बोलला नाहीस ते सगळं साठलंय तुझ्याकडे. दुसऱ्या कुणाची एवढी तयारी नाही."

लोक हसले. व्हर्लिन हसला नाही, पण आला. गुडघा सांभाळत बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खासदारांचं पत्रक नाकापासून दूर धरलं.

बंदुकांवर दोघांची चांगलीच जुंपली. युद्धांवर आर्डिस "माहीत नाही" म्हणाली तेव्हा व्हर्लिन म्हणाला, "खासदारांना माहीत आहे असं इथे लिहिलंय, पण काय ते लिहिलेलं नाही." मावशीसुद्धा हसल्या. मग कॉर्लिसने घड्याळ फिरवलं आणि जरा हळू आवाजात म्हणाली, "स्थलांतरित."

व्हर्लिनने पत्रक वाचलं. "आधी सीमा बंद, मग बाकीचं." त्याने पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. "हे झालं खुर्चीचं. माझं सांगू का?"

"सांग," आर्डिस म्हणाली.

"सीमा बंद करा म्हणणाऱ्याला मी मत देत आलोय आणि यंदाही देणार. आणि माझ्या गायी दिवसातून दोनदा पिळाव्या लागतात. या दोन गोष्टी एका वाक्यात कशा बसवायच्या ते मला आजपर्यंत जमलेलं नाही. तुला वाक्य सापडलं, आर्डिस. चांगलं वाक्य होतं. फक्त त्यात माझा गोठा होता."

 डिलेनी मागून हातवारे करत होते. बहुधा विषय बदला, असा त्यांचा अर्थ असावा.

"माझी भूमिका बदललेली नाही," आर्डिस म्हणाली. "ती बरोबरच आहे असं मला अजून वाटतं. उदाहरण चुकलं. ते माझं द्यायला हवं होतं. एकतीस वर्षं तुमच्या सगळ्यांचं दूध मी उचललं. ते कुणी काढलंय हे रोज डोळ्यांनी बघत होते. मुकाट्याने टाकी भरली, पगार घेतला, आणि कागद आहेत का म्हणून एकदाही कुणाला विचारलं नाही. एवढं मोठं उदाहरण स्वतःच्या घरात असताना मी शेजाऱ्याचं उचललं. हिलारिओला आणि नेलीला मी घाबरवलं. तुझी माफी मागायला आले होते, पण तेव्हा तू भूमिका घेऊन बसला होतास."

"तेव्हा मी गाय घेऊन बसलो होतो," व्हर्लिन म्हणाला.

घड्याळ घणघणलं. कॉर्लिस दचकली, ती ऐकण्यात रमली होती.

"आता मी विचारतो," व्हर्लिन पुढे सरकला. "तुझा तो पंचावन्नचा विमा. कल्पना वाईट नाही, माझ्या गुडघ्याला तर फारच आवडली. पण देशावर आधीच डोंगराएवढं कर्ज आहे. पैसा कुठून आणणार?"

आर्डिसने फाइल उघडली, दोन पानं उलटली आणि पुन्हा मिटली.

"निम्मा हप्त्यांतून येतो. उरलेल्या निम्म्याचं इथे जे लिहिलंय ते मला पटत नाही."

"म्हणजे माहीत नाही."

"आज माहीत नाही. गुरुवारी सांगते."

 गुरुवार म्हणजे काय हे टॅमारॅकमध्ये प्रत्येकाला माहीत आहे.

"गुरुवारी," व्हर्लिन म्हणाला. त्याने टोपी घातली आणि कॉफीच्या पिंपाकडे परत गेला. हो म्हणाला की नाही, यावर पुढचे तीन दिवस गावात दोन पक्ष होते.

डिलेनींनी नंतर तिला सांगितलं की आपण प्रतिस्पर्ध्याला नेऊन खुर्चीत बसवणारा उमेदवार आयुष्यात पाहिला नव्हता. आर्डिस म्हणाली, "सँडविच घेऊन जा, वाटेत काही मिळत नाही."

गुरुवारी आम्ही तिघं बसलो होतो. आर्डिसने पत्ते पिसले, पुन्हा पिसले, आणि पिसतच राहिली. कॉर्लिसने क्रिबेजची फळी काढली नव्हती. मागचं दार कुणी न वाजवता उघडलं. व्हर्लिनने बूट पायपुसण्यावर काढले, नेहमीच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "बोल."

आर्डिस बोलली. दोन रात्री वाचून तिने काढलेला मार्ग होता: मोठ्या कमाईवर थोडा जास्त कर, औषधकंपन्यांशी भावाची घासाघीस, आणि तरीही जी तूट राहते ती तिने लपवली नाही. कॉर्लिसने सवयीने अंड्यांचं घड्याळ लावलं होतं. ते वाजलं तसा व्हर्लिन बोलला.

"निम्म्याचं निम्मं पटलं."

"म्हणजे पाव."

"पाव."

"मत देशील?"

"छे."

"बरं." तिने त्याच्यापुढे पत्ते सरकवले. "काट."

त्याने काटले. मग पत्त्यांकडे बघतच म्हणाला, "हिलारिओचा फोन आला होता. तिथल्या गायी लाथा मारतात म्हणे. विचारत होता, त्या बाई निवडून येऊन पुन्हा रेडिओवर बोलणार का?"

आर्डिसचा वाटायला उचललेला हात थांबला. "मग? काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मुळीच नाही म्हणालो."

"खरं तेच सांगितलंस."

"मग येतो म्हणाला. दोघंही. हरणाची शिकार सुरू व्हायच्या आत."

 आर्डिसने पानं वाटली, एक स्वतःकडे जास्त घेतलं, एक कॉर्लिसला कमी दिलं. एकतीस वर्षं टँकरचं माप न चुकलेल्या बाईच्या हातून असं कधी झालं नव्हतं.  व्हर्लिनने सगळी पानं गोळा केली, गुडघा टेबलाखाली लांब केला आणि नव्याने वाटायला घेतलं.