बाबांची कमान

आमच्या गणपतीचं मखर बाबा दरवर्षी स्वतः करायचे. तापलेल्या तारेनं थर्माकोल कापताना ते श्वास रोखून धरत, आणि त्यांच्याबरोबर आम्ही भावंडंही. अलीकडे त्यांचा हात थरथरतो. म्हणून यंदा कोपऱ्यावरच्या लेझर कटिंगच्या दुकानातून लाकडी मखर करून घ्यायचं ठरलं. कमान मात्र बाबांनीच कागदावर काढून दिली.

दुकानातल्या ताईंनी तो कागद संगणकावर घेतला. प्रत्येक वळणावर रेघ हलली होती.

“काका, रेषा थोडी नीट करू का?” त्यांनी हळूच विचारलं.

नको म्हणावंसं मला वाटलं. ती थरथरही बाबांचीच होती. पण बाबा म्हणाले, “कर गं. मी काढायचो तशी कर.”

जपायचं काय, हे मी परस्परच ठरवत होतो.

काचेआड बारीकशी ठिणगी फिरत राहिली. जळक्या लाकडाचा वास सुटला आणि कमान बाहेर आली. तेच डौलदार वळण, टोकाला तीच कळी, आमच्या लहानपणची. बाबांनी तिच्या कडेवरून सावकाश बोट फिरवलं.

“असा होता माझा हात,” ते ताईंना म्हणाले, आणि घरी पोचेपर्यंत ती कमान त्यांनी मला धरू दिली नाही.