उकडीतल्या गुठळ्या

हेमांगी, तुझी गोष्ट मैत्रीण म्हणून मीच सांगते. तुझा निम्मा वेळ लाजण्यातच जातो. लालबागच्या तुमच्या चाळीने गणपतीच्या नैवेद्याचे मोदक पहिल्यांदाच तुझ्यावर सोपवले आणि उकडीत गुठळ्याच गुठळ्या. आरती तासावर आलेली. सासूबाई म्हणाल्या, "गिचको झालो गो, टाकून दे."

"आई, गिचका पाणी जास्त झालं की होतो. या गुठळ्या आहेत, पीठ आत कोरडं राहिलंय. मोडतील."

गरम उकड तू वाटीच्या बुडाने रगडलीस, तूप-पाण्याच्या हाताने मळलीस. एकही मोदक फुटला नाही. ताट सासूबाईंनीच मिरवत नेलं, "आमच्या सुनेनं केले" सांगत. आता दरवर्षीचा नैवेद्य तुझाच.

त्या आनंदात आपण दोघी हिंदमाताला तुला साडी घ्यायला जाणार होतो. ते मात्र राहूनच गेलं.