दीड बादलीचा कॉम्प्युटर

दुसरी बादली अर्धी ओतून झाली तेव्हा कूलरमधून 'फट्ट' असा आवाज आला, जाळीच्या आत निळा जाळ चमकला आणि अख्ख्या घरातली लाईट गेली.

तो कूलर नव्हता. तो माझी नात रेणू हिचा कॉम्प्युटर होता. दोन दिवसांनी, रविवारी, तो अमरावतीला स्पर्धेत मांडायचा होता, आणि परीक्षकांसमोर तो चालू झालाच पाहिजे असा तिथला नियम होता.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी अगदी शांत होते. उरलेली अर्धी बादली मोरीत ओतली, बादलीतून ठिबकलेल्या पाण्यावर पोतं फिरवलं आणि नवऱ्याला मनातल्या मनात शिव्या दिल्या. चाळीस वर्षं फिटर म्हणून काम केलं, आणि बायकोसाठी एक कूलर धड बनवता आला नाही!

तुम्ही म्हणाल, बाई, तुला कॉम्प्युटर आणि कूलर यातला फरक कळत नाही? कळतो. मी चौथी शिकले आहे, आंधळी नाही. पण ती वस्तू तुम्ही पाहिली असती तर तुम्हीही पाणीच टाकलं असतं.

माझा बुढा (आमच्याकडे म्हातारपणी नवऱ्याला असंच म्हणतात, त्यात अपमान नाही, असला तरी थोडाच) तेल्हाऱ्याला कापसाच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. फॅक्टरी बंद पडली तेव्हा मुलाने आम्हाला अकोल्याला जठारपेठेत आणलं. येताना मी दोन पेट्या भांडी आणली आणि बुढ्याने तीन पोती भंगार. पितळी कॉक, वाफेच्या दाबाचे काटे, नळ्या, दातेरी चाकं, वाटेल ते. ती पोती पंधरा वर्षं जिन्याखाली पडून होती. आणि पंधरा वर्षं दर उन्हाळ्यात बुढा म्हणायचा, "अवं, यंदा तुले माह्या हातचा कूलर बनवून देतो. असा कूलर, का जठारपेठेतले लोक पाह्याले येतीन!"

लोक आले नाहीत. कूलरही आला नाही.

यंदा वैशाखात मी दहा दिवस वलगावला बहिणीकडे गेले. निघताना पाहते तर बुढा अंगणात तिन्ही पोती उपसून बसलेला.

"काय करून राह्यले?" मी विचारलं.

"हाय एक काम. आल्यावर पाह्यजो."

आणि हसला. हा माणूस सहसा हसत नाही. मी काय समजायचं ते समजले, आणि वलगावात सगळ्या आळीला सांगून टाकलं की आमचा बुढा माझ्यासाठी कूलर बनवून राहिला आहे. (दोन बायकांनी तर त्याचं नाव घेऊन आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारले!)

शुक्रवारी दुपारी एकच्या सुमारास परतले. अकोल्याचं ऊन तुम्हाला माहीत असेल तर सांगायला नको, आणि माहीत नसेल तर सांगून खरं वाटणार नाही. मुलगा आणि सून कामावर. बुढा आणि रेणूही कुठे बाहेर गेलेले, दार नुसतं लोटलेलं. आणि समोरच्या खोलीत, टेबलावर, तो!

सागवानाची पेटी, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. पुढे जाळी, जाळीमागे दोन पंखे गरगर फिरत होते. पेटीच्या डोक्यावर फवारणीच्या जुन्या पंपाची पितळी टाकी आडवी बसवलेली, चिंचेने घासून आरशासारखी केलेली. टाकीवर नरसाळं. बाजूला उभी काचेची नळी, आत पाणी किती आहे ते दाखवणारी. जागोजागी चाकं, कॉक, काटे. खरं सांगते, पंधरा वर्षं बुढ्याला दिलेल्या शिव्या मी मनातल्या मनात परत घेतल्या.

मी पिशव्या खाली ठेवल्या, खुर्ची ओढली आणि समोर बसले. तोंडावर गरम हवा. वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल, कूलर गरम हवा देऊ लागला म्हणजे पाणी सरलं. काचेची नळी पाहिली, कोरडी ठणठणीत. नरसाळं तर वरच तोंड उघडून बसलं होतं. आता यात शिकलेल्या माणसाने वेगळं काय केलं असतं?

पहिली बादली टाकीने गटागट प्यायली. काचेच्या नळीत पाणी शिस्तीत वर चढलं. मला फार बरं वाटलं. हवा मात्र गरमच. म्हणून दुसरी बादली आणली. पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

दहा मिनिटांनी रेणू दारात उभी राहिली, हातात वॉर्निशचा डबा. तिच्या मागे बुढा.

"आजी, लाईट कधी गेली?"

"आत्ताच. तुह्या आबाचा कूलर फुटला."

"कोणता कूलर?"

मी बोट दाखवलं. रेणूने डबा खाली ठेवला. ठेवला म्हणजे हातातून सोडला.

"आजी! पाणी टाकलं तुनं?"

"मंग काय दूध टाकू?"

"अवं, कॉम्प्युटर हाय तो! माहा कॉम्प्युटर!"

"कॉम्प्युटरले नरसाळं कावून लावलं मंग?"

शेवटी रेणूने रडत रडत समजावलं. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. वाफेच्या इंजिनाच्या काळात कॉम्प्युटर असता तर तो कसा दिसला असता, तशी त्याची पेटी सजवायची. तिने आबांना मोबाईलवर चित्रं दाखवली, आणि बुढा म्हणाला, "हे तं माह्यं इंजिनघर होय." दहा दिवस दोघं जेवायलाही उठत नव्हते म्हणे. आज पेटीत कॉम्प्युटर बसवून, पडदा न जोडता, नुसता दिवसभर चालू ठेवायचा आणि तापतो का ते पाहायचं, असं ठरलं होतं. तापतो का ते मी तपासलंच होतं.

तेवढ्यात बुढा खाली वाकला. मला वाटलं त्याला भोवळ आली. तो टाकीखालच्या नळ्यांवरून बोट फिरवत होता.

"पाह्य रेणू," तो म्हणाला, "एक थेंब लिकेज नाई!"

"आबा!" रेणू किंचाळली.

इथे खरी मेख होती. रेणूने सांगितलं होतं की सगळं नुसतं दिसायला हवं. पण ज्याने जन्मभर नळ्या जोडल्या त्याच्या हाताला खोटी नळी जोडता येईना. टाकी आली म्हणजे नळी खरी, कॉक खरा, आणि टाकी भरून वाहिली तर जादा पाणी जायला वाटही खरी. ती वाट पेटीत उतरलेली छान दिसते असं रेणूला वाटलं, म्हणून ती आत सोडली होती. माझी दुसरी बादली त्या वाटेने, कुठेही न सांडता, सरळ कॉम्प्युटरच्या पोटात गेली.

"तुमच्या नळीनं गेला तो," मी म्हणाले.

"तुह्या बादलीनं गेला! आन् तुह्यासाठी कूलर म्या कधी बनवला वं?"

"तेच तं! मले वाटलं, सुधरला बुढा."

सदऱ्याच्या खिशातून त्याने एक घडी घातलेला कागद काढला, पाहिला आणि परत ठेवला. स्पर्धेचा कागद होता. त्यावर रेणूच्या नावाखाली त्याचं नाव छापलं होतं, कारागीर म्हणून. त्या फॅक्टरीत त्याने चाळीस वर्षं मशिनं चालती ठेवली, पण एकाही मशिनवर त्याचं नाव नव्हतं. त्याने मला दोन शिव्या हासडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मी पदर खोचला.

"खोला ती पेटी," मी म्हणाले. "पाणीच गेलं ना आत? पाणी वाळते."

रेणूने मोबाईलमध्ये पाहिलं. "आजी, याच्यात सांगतलं हाय, तांदळात पुरून ठेवा."

"एवढे तांदूळ कोणाच्या घरी हायत? ज्वारी खाणारे लोक आपण! वरत ने सारं. ज्या उन्हात कुरडई दोन घंट्यांत कडक होते, त्या उन्हात तुहा कॉम्प्युटर कोण हाय?"

बुढ्याने स्क्रू खोलायला घेतले आणि गच्चीवर मी त्याचं जुनं धोतर अंथरलं. त्यावर एकेक भाग मांडला. शेजारी सुनेच्या कुरडया वाळत होत्याच. मी डोक्यावर छत्री, हातात काठी घेऊन राखणीला बसले. बाजूच्या गच्चीवरून शकुंतलाबाई डोकावल्या.

"कायचे पापड होत हे, बाई?"

"कॉम्प्युटरचे."

"तळाचे का भाजाचे?"

"भाजून झाले. आता वाळवून राह्यली."

त्यांनी मान डोलावली आणि खाली गेल्या. त्याच संध्याकाळी आमच्या दारी तिघीजणी नव्या प्रकारच्या पापडांची चौकशी करून गेल्या असं सून सांगते.

ऊन असं होतं की बसल्या जागी माझा डोळा लागला. पाच मिनिटं असेल. दहा असतील. डोळे उघडले तर धोतरावर एक वांदर बसलेलं! चांगलं काळ्या तोंडाचं, थोराड. रेणू जिला रॅम म्हणते ती बोटभर लांब हिरवी पट्टी त्याच्या हातात होती. मी छत्री फेकून मारली, ती रस्त्यावर पडली. काठी फेकली, ती शकुंतलाबाईंच्या गच्चीवर गेली. आता फेकायला माझ्याजवळ मीच उरले होते. वांदराने माझ्याकडे पाहत पट्टी दाताखाली धरली, चावली, तोंड वाकडं केलं आणि टाकून दिली. मग कुरडयांचं अर्धं ताट उचलून निघून गेलं. त्याला चव होती, एवढं मात्र म्हणेन.

"आजी, रॅमले दात कोणाचे लागले?" रेणूने वर येऊन विचारलं.

"माहे नाई," मी म्हणाले. "माहे तं कवळीचे हायत."

पहिल्यांदा ती हसली. रडत रडतच, पण हसली.

शनिवारी सकाळी दोघांनी सगळं परत जोडलं. ज्यातून वीज येते तो पॉवर सप्लाय जळाला होता, तो नवीन आणला. बटण दाबायच्या वेळी मला खोलीबाहेर उभं केलं. मी दाराच्या फटीतून पाहत होते. रेणूने बटण दाबलं. काही झालं नाही. बुढ्याने मागच्या बाजूला काहीतरी घट्ट केलं. परत दाबलं. पंखे फिरले, बाजूला जोडलेला पडदा उजळला, आणि बुढा खाली बसला. नुसता बसला, जमिनीवर, मांडी घालून, आणि बराच वेळ उठला नाही.

मग उठून त्याने एक पितळी पट्टी घेतली, दुपारभर छिन्नी-हातोडीने तिच्यावर अक्षरं ठोकली आणि ती नरसाळ्याखाली बसवली. 'येथे पाणी टाकू नये.' मला वाटलं, राग उतरला असावा, कारण 'नये' लिहिलं. 'खबरदार' लिहायला पट्टीवर जागा होती.

रविवारी अमरावतीला मोठ्या हॉलमध्ये सगळे कॉम्प्युटर मांडले होते. बाकीच्या पोरांच्या पेट्या काचेच्या, आत रंगीबेरंगी दिवे, देवीच्या मंडपासारखे. रेणूने मला चार खुर्च्या सोडून बसवलं आणि माझी पाण्याची बाटली स्वतःकडे घेतली. मला भांडायची गरजच पडली नाही. कारण दुपारपर्यंत तीन वेगवेगळी माणसं आमच्या टेबलापाशी येऊन विचारून गेली, "काका, हा कूलर केवढ्याले देता?"

तिन्ही वेळा मी नुसतं बुढ्याकडे पाहिलं. तिन्ही वेळा तो छताकडे पाहत होता.

मग परीक्षक आले. दाढीवाला तरुण माणूस, पुण्याकडचा असावा, फार हळू बोलायचा. रेणूने बटण दाबलं. मी 'फट्ट' ऐकायला कान टवकारले. पण पंखे फिरले, सगळं चालू झालं, आणि ती रडली नाही. त्याने पेटी चहूबाजूंनी पाहिली, कॉक फिरवून पाहिला, नळी पाहिली आणि पट्टीपाशी येऊन थांबला. वाचली. मोठ्याने हसला. फोटो काढला.

"हे सगळ्यात अस्सल आहे," तो म्हणाला. "जुन्या इंजिनघरात अशाच पाट्या असायच्या ना? ही कल्पना कुणाची?"

बुढा ताठ उभा राहिला.

"ठोकली म्या," तो म्हणाला, "कल्पना यांची." आणि माझ्याकडे हात केला. पन्नास वर्षांत चारचौघांत त्याने मला पहिल्यांदा 'यांची' म्हटलं.

"आजी, कसं सुचलं तुम्हाला?"

"अनुभवातून," मी म्हणाले. रेणूला जोरात खोकला आला.

नंबर आला नाही. पहिला नंबर दिव्यांच्या पेटीला गेला, जाऊ द्या. पण सगळी नावं माईकवरून वाचली. रेणूच्या पाठोपाठ बुढ्याचं नाव सगळ्या हॉलमध्ये घुमलं, आणि त्याला ऐकू कमी येतं म्हणून मी ते त्याच्या कानात परत सांगितलं. "आयकलं म्या," तो खेकसला. "आणखी एक डाव सांग."

तर त्या शुक्रवारच्या दीड बादलीतून वाचले ते असे: मदरबोर्ड, दोन्ही पंखे, रॅम (दातांच्या खुणांसकट), रेणू, बुढा आणि मी. गेला तो एकटा पॉवर सप्लाय. दुकानदार म्हणाला, चांगल्यातला होता, सहज दहा वर्षं टिकला असता. मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, अर्धी भरलेली बादली हातात धरून त्या जाळासमोर उभी होते, आणि मला साधी सर्दीसुद्धा झाली नाही.