पाठीवरच्या पट्ट्या

माझ्या धाकट्या बहिणीच्या पाठीवरून सुटून आलेल्या तपासणीच्या पट्ट्या मी घरातल्या चिकटपट्टीने परत चिकटवल्या, आणि डॉक्टरांना सांगितलं की पाणी लागलेलं नाही. हे मी आजवर कुणाला बोललेलो नाही. बायकोलाही नाही. आता पन्नाशी उलटून गेली. मी मितभाषी आहे असं लोक कौतुकाने म्हणतात. मितभाषी कसला, तोंड उघडलं तर काय बाहेर पडेल याची भीती होती, एवढंच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही डोंबिवलीत दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहायचो. आई, बाबा, बाबांची विधवा बहीण म्हणजे आमची आत्या, मी आणि ती. मी अठरा वर्षांचा, ती चौदा. पाकिटातल्या चिकट टिकल्या तेव्हा घरोघर पोचल्या होत्या. मुलीचं कपाळ रिकामं दिसता कामा नये, हा आत्याचा कायदा. स्वतःचं कपाळ रिकामं ठेवायला लावणाऱ्या जगाचा कायदा ती इतक्या निष्ठेने का राबवायची, हे मला कधी कळलं नाही. बहीण रात्री टिकली आरशाला चिकटवायची आणि सकाळी तीच परत लावायची.

आधी तिला खाज सुटली. मग कपाळावर लाल चट्टा आला, आणि मग बरोब्बर टिकलीएवढा गोल पांढरा डाग. आमच्या घराने त्यावर काय उपाय केला? मोठी टिकली. डाग झाकायला डाग पाडणारी वस्तूच मोठ्या मापाची आणायची, ही आमच्या घराण्याची अक्कल. डागही आज्ञाधारक, त्या मापाने वाढला. शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या की तिच्याकडे बघून आईला हळूच विचारायच्या, "कोड का हो?" हळूच म्हणजे तिला ऐकू जाईल इतक्या.

शेवटी गल्लीतल्या डॉक्टरांनी ठाण्याला एका सरकारी दवाखान्यात पाठवलं. बाबांना रजा नव्हती आणि आईला घर सोडवत नव्हतं, म्हणून तिला मी न्यायची. त्या विभागाच्या दारावर पाटी होती: त्वचारोग, गुप्तरोग व कुष्ठरोग. त्या पाटीखाली, रांगेत, मी. कॉलेजातला कुणी बघेल म्हणून मी तोंडासमोर वर्तमानपत्र धरून उभा. शेजारी बहीण कपाळावर रुमाल धरून उभी. आम्ही दोघं काय दिसलो असू!

डॉक्टर बाई होत्या, घाईच्या पण समजावून सांगणाऱ्या. त्यांनी ॲल्युमिनियमच्या नखाएवढ्या वाट्या असलेल्या पट्ट्या तिच्या पाठीवर लावल्या. कशात रबराचं काही, कशात धातूचं, आणि एकात तिच्याच पाकिटातली टिकली, गोंदाची बाजू कातडीला लागेल अशी.

"टिकलीच्या गोंदाने होत असेल तर तिथे लाल उठेल, खाजेल," त्या म्हणाल्या. "दोन दिवस पाठ भिजवायची नाही. बुधवारी काढू, शुक्रवारी परत बघू. तू मोठा भाऊ ना? लक्ष ठेव."

मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तरबेज होतो.

बहिणीने यातून एकच गोष्ट उचलली: खाजलं तर गोंद, नाही खाजलं तर कोड. सोमवारी घरी आल्यापासून ती पाठीवर लक्ष देऊन बसली होती. संध्याकाळी मला खुणेने बोलावून हळूच म्हणाली, "दादा, डाव्या बाजूला थोडं खाजतंय रे!" पहिला नंबर आल्यासारखा तिचा चेहरा झाला होता. टिकलीची वाटी डाव्या बाजूलाच होती.

मंगळवार उजाडला. शनिवारपासून ती बाजूला बसलेली होती, आणि मंगळवार म्हणजे चौथा दिवस, डोक्यावरून न्हाण्याचा. आत्याने सकाळीच पाणी तापवलं.

"आत्या, पाठ भिजवायची नाही म्हणाल्यात डॉक्टर."

"म्हणाल्या असतील. त्यांच्या घरी देव नसतील. चौथ्या दिवशी न न्हाता माझ्या देवांसमोरून फिरणार तू?"

"मी फिरतच नाही ना! अजून एक दिवस बसते कोपऱ्यात."

"कोपरा काय तुझ्या सोयीसाठी आहे का गं? चौथ्या दिवशी न्हायचं म्हणजे न्हायचं."

आई कणीक मळत राहिली. बहिणीने माझ्याकडे पाहिलं. "दादा, तू होतास ना तिथे. तू सांग की."

मी चहा पीत होतो. म्हणालो, "एवढ्याने काय होतंय? न्हा पटकन."

एवढंच बोललो. त्या घरात माझा शब्द चालायचा, कारण मी मुलगा होतो. तो मी वापरला तो असा.

मोरीतून ती बाहेर आली तेव्हा पट्ट्या तिच्या हातात होत्या. रडत नव्हती, फक्त हात पुढे केला होता. मी त्या पंख्याखाली वाळवल्या आणि अंदाजाने परत लावल्या. पट्ट्यांच्या जागा कळाव्यात म्हणून डॉक्टरांनी पाठीवर केलेल्या जांभळ्या खुणा धुऊन गेलेल्या, त्या बॉलपेनने काढल्या. टिकलीच्या वाटीत टिकली नव्हती. ती मोरीतून वाहून गेली असणार. मी दुसरीही घातली नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या; घाईत कुठल्या वाटीत काय आहे ते कुणी पाहिलं नाही. "सुटत होत्या म्हणून वरून चिकटवल्या," मी डॉक्टरांना सांगितलं. शुक्रवारी त्यांनी परत पाठ पाहिली. बहीण आतल्या खोलीत कपडे नीट करत होती आणि मी बाहेर टेबलासमोर उभा होतो.

"पाणी लागलं होतं का रे? खरं सांग."

"नाही मॅडम."

"मग घामाने सुटल्या असतील. काही उठलेलं नाही, पण मला हे पटत नाही. मला हे कोड वाटत नाही, टिकलीचाच संशय आहे. सोमवारी परत लावू. आणि तोवर टिकली पूर्ण बंद. घरी सांग."

परत सोमवार, बुधवार, शुक्रवार. परत ती पाटी, परत ते वर्तमानपत्र. मी 'हो' म्हणालो आणि बाहेर येऊन, ती यायच्या आत, केसपेपर फाडला.

"काय म्हणाल्या?" बहिणीने विचारलं.

"काही निघालं नाही."

"भिजल्या ते सांगितलंस ना?"

"सांगितलं. तेवढं चालतं म्हणाल्या."

ती रुमाल परत कपाळावर धरून चालू लागली. घरी आत्या मात्र विजयी. "मी म्हणतच होते, टिकलीने कधी कुणाला काही झालंय?" आणि तिने स्वतःच्या हाताने नवी टिकली लावली.

पुढे आंबट बंद झालं, दूध आणि मीठ एकत्र बंद झालं. बावचीचा लेप लावून पोरीला गच्चीवर उन्हात बसवायचे. कपाळ भाजून फोड आले तर आत्या म्हणाली, "लागू पडतंय." मी गच्चीच्या जिन्यात अभ्यास करायचो. तोंडात एक वाक्य होतं, ते गिळून मी चांगल्या मार्कांनी पास झालो.

ती पंचविशीची झाली तेव्हा, ती नोकरी करायची त्या कोलशेतच्या कंपनीतला तिचा एक सहकारी मागणी घालायला घरी आला. चांगला माणूस. डागाचं त्याला काही वाटत नव्हतं. तिने नकार दिला. मी कारण विचारलं, तेही केवळ रीत म्हणून.

"त्याला चालेल रे दादा. पण पोराला आलं तर? माझ्या रक्तात आहे ते. कुणाच्या गळ्यात कशाला घालू?"

मी म्हणालो, "तुझी मर्जी."

त्यानंतर तिने टिकली लावायचीच सोडली. नटायचं कुणासाठी, म्हणाली. डाग वाढायचा थांबला, कडेने थोडा रंगही परत आला. ती म्हणते, कोड आपोआप थांबलं. ती एकटी राहते, कल्याणला. मी रविवारी जातो, ती चहा करते, आम्ही महागाईवर बोलतो.

आत्याला, आईला, शेजारच्या काकूंना मी बरीच वर्षं मनातून तुच्छ लेखत आलो. ते सोपं होतं. त्या बिचाऱ्यांना माहीत नव्हतं. त्या घरात माहीत असलेला माणूस एकच होता.

डॉक्टरांना तो डाग कोडाचा वाटत नव्हता, त्यांनी परत बोलावलं होतं आणि मी ते लपवलं, हे तिच्यासमोर बसून सांगणं मी तिला देणं लागतो. अजून सांगितलेलं नाही.