शिडीवरचा बिबट्या

आमच्या श्रीगोंद्याकडं उंच म्हणावं असं एकच असतं, ते म्हणजे कारखान्याला निघालेली उसाची ट्रॉली. बाकी मुलूख भाकरीसारखा सपाट. त्या सपाटीवर मी जन्मले, तिथंच लग्न होऊन राहिले आणि कुरडया वाळत घालायला गच्चीवर जाणं सोडलं तर पन्नाशी उलटेपर्यंत कधी उंचावर गेले नाही. गच्चीवर चढतानासुद्धा शिडी धरायला निम्मी गल्ली लागायची. उरलेली निम्मी बघायला यायची.

तरीही लेकीच्या सासरी, नेवाशाला, भर पंगतीत मी बोलून गेले की कळसूबाईला मी दर नवरात्रात जाते.

आता हे खोटं होतं असं कुणी म्हणू नये. एकदा एसटीनं भंडारदऱ्याला जाताना मी खिडकीतून कळसूबाईला हात जोडले होते आणि ते नवरात्रच होतं. 'दर' तेवढं जास्तीचं. आमचे मालक म्हणतात, माझ्या बोलण्यातलं निम्मं आधी टाकून द्यावं, उरलेलं चाळून घ्यावं, आणि चाळणीत जे राहील तेही शेजाऱ्यांना विचारूनच खरं धरावं.

पण मला बोलायला लावलं विहीणबाईंनी. माझ्या लेकीच्या सासूबाई त्या. आपले गुडघे अजून नव्या बैलगाडीच्या चाकासारखे कसे फिरतात ते सांगत होत्या. मुलीच्या आईनं अशा वेळी 'हो का' म्हणायचं असतं. मी वरणभातापासून जिलबीपर्यंत 'हो का' म्हणत आले. जिलबीला तोंड दुखायला लागलं आणि त्यातून कळसूबाई बाहेर पडली.

विहीणबाईंचा घास हातातच राहिला.

"दर नवरात्रात? अगं बाई! मग तुमीच न्या मला. माझा नवस हाय तिचा."

हा नवस काय ते मला लेकीनं आधीच सांगितलं होतं. जावयांचं लग्न जमता जमत नव्हतं. शेती बागायती, गाई दुभत्या, पोराला सुपारीचंही व्यसन नाही, पण हल्ली पोरींना नोकरीवाला लागतो. स्थळं यायची, पोहे खायची, पोह्यांची तारीफ करून निघून जायची. तेव्हा विहीणबाई कळसूबाईला बोलल्या होत्या, सून घरात येऊ दे, मी स्वतःच्या पायानं वर येऊन तुझी ओटी भरीन. सून आली. ती म्हणजे माझी लेक. नवस मात्र तसाच राहिला आणि मग त्या घरात काहीही बिघडलं की विहीणबाई उसासा टाकायच्या, "नवस राहिलाय ना." गाय आटली, नवस. विहिरीवरची मोटर जळाली, नवस. उसासा झाला की सगळं घर एकदा माझ्या लेकीकडं बघायचं. बोलायचं कुणी काही नाही.

"आई, परवा मिक्सर जळाला," लेक फोनवर म्हणाली, "त्यालाबी नवसच." आणि हसली. आता माझ्या पोरीचं हसू मला कळत नाही होय?

तर तो नवस फिटणं ही माझ्या लेकीच्या संसाराची गरज होती, आणि वाट दाखवणार होते मी, जिनं तो डोंगर बसल्या जागेवरून, काचेआडून पाहिला होता.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी जावयांनी गाडी काढली. पायथ्याच्या बारी गावात उतरून मी वर बघितलं. मान इतकी मागं गेली की मला माझ्याच टाचा दिसल्या. लेक आणि जावई म्हणाले, "तुम्ही या सावकाश," आणि दोन करडं सुटावीत तसे पुढं पळाले. राहिलो आम्ही दोघी विहिणी, काखेला पाण्याच्या बाटल्या, आणि विहीणबाईंच्या खांद्याला ओटीची पिशवी.

आमच्यात रीत अशी की मुलीच्या आईनं मुलाच्या आईपुढं पाऊल टाकायचं नाही. या रीतीचा मला उभ्या जन्मात राग, पण त्या दिवशी तिच्यासारखी सोयीची गोष्ट दुसरी नव्हती. दम लागला की मी थांबायचे आणि म्हणायचे, "तुमी व्हा म्होरं. मान तुमचा."

"छ्या, असं कसं? तुमी जाणत्या. तुमी व्हा."

"न्हाई न्हाई, तुमी."

"अहो, तुमीच."

दोघींचा श्वास जागेवर येईपर्यंत हे चालायचं. मग विहीणबाई पुढं व्हायच्या, मी मागं. येणारेजाणारे कौतुकानं बघत होते. महाराष्ट्रात दोन विहिणींनी एकमेकींना इतका मान त्याआधी दिलेला नाही आणि पुढंही कुणी देईल असं वाटत नाही.

मधे एका झोपडीवजा टपरीवर लिंबूसरबत घेतलं. विहीणबाई बुटातला खडा काढत होत्या तेवढ्यात मी सरबतवालीला हळूच विचारलं, "मावशी, देऊळ कुठल्या अंगाला?" तिनं बोट सरळ आभाळाकडं केलं.

पुढं कातळाला लोखंडी शिड्या लागल्या. पहिली आम्ही बोलण्याच्या नादात चढून गेलो. पण एक शिडी अशी होती की तिच्या खालच्या टोकाला ऊन आणि वरच्या टोकाला थंडी. विहीणबाई मानानं पुढं. त्यांच्या मागं मी. माझ्या मागं कॉलेजच्या पोरांची रांग, पार सरबताच्या टपरीपर्यंत, असं मला वाटलं. शिडीच्या बरोबर मध्यावर विहीणबाई थांबल्या.

"विहीणबाई?"

मी त्यांच्या बुटावर टिचकी मारली.

"दमलात का?"

"खाली बघितलं म्या," वरून बारीक आवाज आला. "आता माज्यानं न्हाई व्हायचं. मला खाली घ्या."

चुलीवरचं पातेलं खाली घ्या म्हणावं तसं म्हणाल्या. खाली कुठं घेऊ? खाली पोरं, पोरांच्या खाली पोरं.

"अहो, थोडंच राहिलंय."

"नवस राहू द्या. राहिला तर राहिला."

त्या 'राहू द्या' मधे मला पुढची वर्षं दिसली. मिक्सर, मोटर, गाय, उसासे आणि फोनवर हसणारी माझी लेक.

माझ्या कपाळाला विहीणबाईंचे पाय लागले होते. याच पायांवर लग्नात मी पाणी घालून हळदकुंकू वाहिलं होतं. तेव्हा ते पैठणीच्या काठाखाली होते, आता लेकाच्या जुन्या बुटांत होते आणि बुटांसकट थरथरत होते. ओढून त्या वर जाणार नव्हत्या, ढकलून तर मुळीच नाही. मग मला जे येतं ते मी केलं. बोलायला लागले.

"आमच्या गोठ्यात बिबट्या आला हुता तवा माझीबी अशीच गत झाली हुती. सांगितलं का तुमाला?"

वरून आलं, "कुठला बिबट्या?"

ऊस तिथं बिबट्या, हे नगर जिल्ह्यात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. माझा बिबट्या मात्र कुणी पाहिलेला नाही.

"पहाटंचं धारंला गेले. लाईट नव्हती. अंधारात हाताला वासराची शेपूट लागली. म्हनलं, सर रं मेल्या, म्हशीला पिऊ नगं. आन् वढली. तर वासरू गुरगुरलं."

"आन् मग?"

"डावा पाय उचला. वरच्या पायरीवर ठेवा. मग सांगते."

"सांगा की!"

"आधी पाय."

मी बूट धरून वर उचलला. बूट गेला, मागोमाग दुसरा गेला.

"आन् मग?"

"म्हनलं, आता शेपूट सोडली तर फिरून मलाच खाईल. म्हनून सोडलीच न्हाई. कासरा घेतला आन् म्हशीशेजारी दावणीला बांधून टाकला."

"बिबट्या? दावणीला?"

"पायरी."

एक पायरी.

"शिळी भाकरी टाकली म्होरं. खाल्ली त्यानं."

"भाकरी खाल्ली?"

"ठेच्यासंगं. पायरी."

खालून एक पोरगं ओरडलं, "काकू, मोठ्यानं सांगा, मागं ऐकू येत न्हाई!"

मी आवाज चढवला. म्हशीनं बिबट्याला चाटलं. बिबट्यानं म्हशीच्या अंगावरच्या माश्या हाकलल्या. डेअरीवाला दूध न्यायला आला, त्यानं बिबट्या बघितला आणि किटली तिथंच टाकून जो पळाला तो दौंडला सापडला. एकेका पायरीला एकेक गोष्ट द्यावी लागली आणि मी हात आखडता घेतला नाही. शेवटी विहीणबाईंचा पदर वरच्या कडेवरून दिसेनासा झाला.

"आन् शेवट?" वरून आवाज.

शेवट मला ठाऊक नव्हता. एवढ्या लांब ती गोष्ट मी कधी नेलीच नव्हती. गोष्ट थांबली आणि मी खाली बघितलं.

तोवर मी शिडीवर नव्हतेच, गोठ्यात होते. आता एकदम शिडीवर आले. खाली पोरांची डोकी, डोक्यांखाली दरी, आणि दरीच्या तळाला मसुरीच्या डाळीएवढ्या गाड्या. माझे हात लोखंडाला असे चिकटले की ते सोडवायला कारखान्यातून वेल्डर आणावा लागला असता.

"विहीणबाई, या की," वरून त्यांनी वाकून बघितलं. पोटावर आडव्या झाल्या होत्या, कुंकू घामानं नाकावर उतरलं होतं.

"माझं काय खरं न्हाई," मी म्हणाले. आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच इतकं खरं बोलले असेन.

"बरं, त्या बिबट्याचं काय झालं?"

"ठाऊक न्हाई."

विहीणबाईंनी पदरानं नाकावरचं कुंकू पुसलं. मग म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. कासरा तोडून त्यो नेवाशाला आला."

"काय?"

"आमच्या गोठ्यात. गळ्यात तुमचा कासरा. म्या लगीच वळखला. म्हनलं, ह्यो विहीणबाईंच्या घरचा पावना. मान करायला पायजे. पाय उचला."

मी उचलला. काय करणार?

"मग काय केलंत?"

"पुरनपोळी केली."

"खाल्ली?"

"पायरी."

वर गेले.

"चार खाल्ल्या. तुपासंगं. जाताना टोपी-टॉवेल दिला. टॉवेल घेतला त्यानं, टोपी काय बसंना."

"का वो?"

"कानं मधी येत्यात न्हवं का!"

मी हसले आणि हात सुटले. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट असं धरलं की बांगडी वाकली, आणि मला वर ओढलं. कातळावर दोघी उताण्या पडून हसत होतो. खालचं पोरगं वर आलं, आमच्याकडं बघून म्हणालं, "काकू, आता कुठंय तो?"

"नेवाशात," विहीणबाई म्हणाल्या. "टॉवेल वाळत घालतोय."

देऊळ लहानसं, वारा मात्र अख्ख्या तालुक्याला पुरेल एवढा. लेक-जावई मागच्या कड्यावर फोटो काढण्यात दंग होते. कळसूबाई म्हणे घरच्या झाडलोटीला आणि भांड्यांना कंटाळून इथं येऊन बसली. वर आल्यावर तिचं म्हणणं पटतं. खण, नारळ, तांदूळ उडू नयेत म्हणून विहीणबाई वाकल्या आणि मी पदराचा आडोसा धरला. ओटी भरून झाली. त्यांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेलेच होते.

"फिटला," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं न बघता, "तुमी पैल्यांदाच आलाय न्हवं?"

मी वाऱ्यानं ऐकू आलं नाही असं दाखवलं.

"सरबतवालीला देऊळ इचारलंत तवाच कळलं. म्हनून तर म्होरं चालले. तुमच्या मागं आले असते तर नाशकात उतरलो असतो."

"मग बोलला का नाहीत?"

"बिबट्याला टोपी घालनारी मी, कुनाला बोलू?"

खाली येऊन पिठलं-भाकरीला बसलो. जावई हसत म्हणाले, "शिडीवर रांग अडली होती म्हणं. ती पोरं सांगत होती, कोण तरी काकू मधेच अडकल्या."

विहीणबाईंचा हात ताटातच थांबला. लेक माझ्याकडं बघायला लागली, कारण ती मला ओळखते. असल्या गोष्टीत मी नेहमी वाघावर बसलेली असते आणि बाकीचे खाली पळत असतात. आणि ही तर खरी घडलेली. नुसती आहे तशी सांगितली असती तरी श्रीगोंद्यात वर्षभर पुरली असती.

"मी अडकले," मी म्हणाले. "तुमच्या आईनं मनगट धरून वढून काढलं. ही बघा, बांगडी वाकली."

यात एक अक्षर खोटं नाही. निम्मी गोष्ट मी स्वतःच आधी टाकून दिली होती, मालकांना चाळायला काही ठेवलंच नाही. जावई आईकडं बघून म्हणाले, "मानलं बुवा!" आपल्या ताटातली गरम भाकरी विहीणबाईंनी मोडली आणि मोठा अर्धा माझ्या ताटात ठेवला. त्या घरात मला आजवर पहिली वाढ मिळाली नव्हती.

पन्नाशीनंतर माणसाची वाढ थांबते म्हणतात. माझी रुंदीत चालूच होती, उंचीत त्या दिवशी झाली. पूर्वी नेवाशाला जाताना मी गाडीतच मान खाली घालायची तयारी करायचे. आता दारातून हाक मारते. परवा लेकीचा फोन आला, "आई, मिक्सर पुन्हा जळाला."

मी घाईनं विचारलं, "मग? सासूबाई?"

"म्हणाल्या, कंपनीच भिकार हाय." आणि हसली. हे हसू निराळं होतं. मला कळतं.

हे सगळं लिहू का, असं मी विहीणबाईंना फोन करून विचारलं. त्यांचं नाव, शिडी, थरथरणारे बूट. नाव तेवढं गाळते म्हणाले.

"लिवा की बिनघोर," त्या म्हणाल्या. "तुमचं कोन खरं धरतंय? बरं, रतनगडालाबी शिडी हाय म्हनं. म्या बूट घेतलेत नवे. येत्या रविवारी निघायचं."

"चालंल. तुमी म्होरं व्हा, मान तुमचा."

"मान ऱ्हाऊ द्या घरी. ह्या खेपंला तुमी म्होरं, मी मागं. आन् गोष्ट नवी आना. बिबट्या आता माजा हाय."