सात इंची की आठ इंची

आमच्या घरात मला शास्त्रज्ञ म्हणतात. कारण एवढंच, की मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत काम करतो. काम म्हणजे परीक्षानळ्या धुणं, बरण्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि तास संपला की मुलांनी काय काय फोडलं त्याची यादी करणं. पण नातेवाइकांत वायर असलेली कुठलीही वस्तू बिघडली किंवा घ्यायची झाली की बोलावणं मलाच येतं, आणि 'मला यातलं काही कळत नाही' असं मी आजवर एकदाही म्हटलेलं नाही. ही माझी जुनी खोड. भाऊजींच्या टॅबलेटच्या वेळी ती चांगलीच नडली.

भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. लाकडाला पॉलिश करणं हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. आधी पॉलिश पेपरने घासायचं, मग लाखेचा आणि स्पिरिटचा एक हात द्यायचा, वाळला की पुन्हा घासायचं, पुन्हा हात. शेवटी डोळे मिटून फळीवरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "अजून खरखरतंय." आपल्याला काचेसारखी गुळगुळीत लागणारी फळी त्यांना खरखरायची. हात चालू असताना तोंडही अखंड चालू. ज्यांच्या घरी काम असायचं ते लोक आपली कामं सोडून खुर्ची ओढून समोर बसायचे. कपाट आठ दिवसांत व्हायचं ते बारा दिवस चालायचं आणि तरी कुणाची तक्रार नसायची.

घरी त्यांची श्रोता म्हणजे त्यांची आई. मी त्यांना मावशी म्हणतो. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले त्याला बारा वर्षं झाली. तेव्हापासून रोज कामावरून आले की हातपाय धुऊन भाऊजी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे. दाखवायचे म्हणजे काय, अर्धं छापलेलं आणि अर्धं स्वतःचं. एका मंत्र्याच्या भाषणात त्यांनी लोकांना टाळ्यांऐवजी शिंका द्यायला लावल्या होत्या. मावशी हसून हसून बेजार व्हायच्या. ताई आतून ओरडायची, "आधी चहा घ्या, गार होतोय!" तो रोजच गार व्हायचा.

मग भाऊजींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. गळ्याला पुढे एक भोक राहिलं, श्वास त्यातून. आवाज गेला तो कायमचा.

हे मावशींना सांगायचं कोणी, यावर दवाखान्याच्या जिन्यात आमची कुजबुज चालली होती, तेवढ्यात त्यांचा फोन आला. तो मी उचलला. "झालं का ऑपरेशन? बोलतोय का तो?" त्यांनी विचारलं. मी काही विचार न करता म्हणालो, "छान झालं मावशी. घशाला टाके आहेत, ते सुकले की बोलतील." झालं. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. ताईनेही मग तेच पुढे रेटलं. तीन महिने मावशी रोज सकाळी भाऊजींना विचारत होत्या, "सुकले का रे टाके?"

भाऊजी बोलायचे ते लिहून. त्यासाठी वही वगैरे त्यांना लागली नाही. घरात वापरलेल्या पॉलिश पेपरचे गठ्ठे पडलेले. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सुताराच्या जाड पेन्सिलीने लिहायचे. आम्हाला ते चालायचं, मावशींना काय उपयोग? त्यांच्यासाठी ताई मोठ्याने वाचायची, "आई, हे म्हणताहेत, औषध घेतलं का." मावशी तोंड फिरवायच्या. "माझा मुलगा मला सुनेच्या तोंडून ऐकायला लागतोय," म्हणायच्या. ताईला ते लागायचं, पण बिचारी गप्प बसायची.

एक दिवस भाऊजींनी माझ्या हातात एक तुकडा ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'आईला खरं सांगायचंय. मी सांगणार. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या. त्या माझ्यासाठी होत्या हे कळायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही.

मार्ग सुचवला तो दवाखान्यातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी. एखादा साधा, छोटा अँड्रॉइड टॅबलेट घ्या, त्यात एक ॲप टाकून देते. आपण लिहायचं आणि बटण दाबलं की तो बोलतो. 'हो', 'नाही', 'पाणी', 'दुखतंय' असे रोजचे शब्द खाली तयारच असतात, नुसतं बोट लावायचं. महागाचा अजिबात नको, असंही त्या म्हणाल्या. भाऊजी कितीतरी दिवसांनी ताठ बसले. माझ्याकडे बोट करून त्यांनी खूण केली, चल.

दुकानात दोनच टॅबलेट आमच्या आवाक्यातले निघाले. एक काळा, सात इंची. एक करडा, आठ इंची. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही काचेवर मांडले आणि मी सुरू झालो. रॅम किती, बॅटरी किती तास, कार्ड घालता येतं का, ॲप अडकणार तर नाही. तिच्या उत्तरांतलं निम्मं माझ्या डोक्यावरून गेलं, पण मान मी अशी डोलवत होतो की जणू हे तर मला ठाऊकच होतं. मग आवाज. काळ्याचा आवाज दणदणीत होता, पलीकडे फ्रिज बघणारे लोक वळून बघायला लागले. करड्याचा बारीक, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा.

"आजींसाठी आहे ना? मग काळाच घ्या," ती म्हणाली.

"तेच म्हणतो मी. ऐंशीच्या पुढचं वय आहे, आवाज मोठाच हवा," मी म्हणालो.

भाऊजी एव्हाना दोन्हींवर बोटं लावून बघत होते. त्यांनी माझी बाही ओढली. मी म्हणालो, "एक मिनिट भाऊजी, बोलतोय ना मी." त्यांनी खिशातून तुकडा काढला, काउंटरवर टेकवून काहीतरी लिहिलं आणि मला दिलं. मी तो वरच्या खिशात कोंबला आणि त्या मुलीला वॉरंटीचं विचारायला लागलो. त्यांनी पुन्हा बाही ओढली. "अहो, बघतोय ना मी सगळं! तुम्ही निवांत राहा," मी म्हणालो. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याला गप्प करायला किती थोडं लागतं! ते बाजूला जाऊन उभे राहिले. काळा टॅबलेट पिशवीत पडला.

घरी भाऊजी टॅबलेट मांडीवर घेऊन बसले आणि त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं, दाबलं, घासलं. काही नाही. ताईने बोट लावलं तर लगेच अक्षर उमटलं. मी लावलं, उमटलं. त्यांनी दहाच्या दहा बोटं लावून पाहिली. करंगळीला एकदा 'क' आला आणि मग तोही यायचा बंद झाला. त्यांची बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. टोकाला रेषा अशा नव्हत्याच. कातडी घासून घासून कोरडी आणि चकचकीत झालेली. चाळीस वर्षं लाकूड घासलं तेव्हा लाकडानेही यांना घासलंच होतं. बोट ओलं करून बघितलं, तर पडदा वेडावाकडा उड्या मारायला लागला. रबरी टोकाची लेखणी आणली, तर तिच्या जाड टोकाखाली शेजारशेजारची अक्षरं यायची आणि भलतीच दाबली जायची.

तेव्हा मला खिशातला तुकडा आठवला. त्यावर लिहिलं होतं, 'काळा नको. माझं बोट घेत नाही. करडा घेतो. आईला ऐकू चांगलं येतं.'

खरंच की. मावशींना दिसत नव्हतं. ऐकू मात्र शेजारच्या घरातली पातेली आपटलेलीसुद्धा यायची. मी आपलं म्हातारं माणूस म्हटल्यावर डोळ्यांबरोबर कानही काढून टाकले होते. मला स्वतःची इतकी लाज वाटली की भाऊजींकडे बघवेना. ते मात्र चिडले नाहीत. चिडायला तरी आवाज लागतो.

दुसऱ्या दिवशी मी एकटा दुकानात गेलो आणि त्या मुलीपुढे हात जोडले. करडा एकच उरला होता, लोकांना दाखवायला ठेवलेला. तिने तोच बदलून दिला. बाईंनी त्यात ॲप टाकलं. आपल्या भाषेत आवाज एकच होता, बायकी. तो जाड करता यायचा, पण जाड केला की सर्दी झालेल्या बाईसारखा यायचा. भाऊजींनी दोन्ही ऐकले आणि हात हलवून खूण केली, असू दे जसा आहे तसा. मग चार दिवस खोलीचं दार लावून ते सराव करत बसले. एक एक अक्षर शोधायला त्यांना भारी वेळ लागायचा, पण करडा त्यांचं बोट घेत होता. दहापैकी आठदा तरी.

रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मावशी खिडकीजवळच्या खाटेवर बसल्या होत्या, शेंगा सोलत. भाऊजी त्यांच्या शेजारी टेकले. ताई आणि मी दाराशी उभे राहिलो. आम्ही तोंड उघडायचं नव्हतं.

टॅबलेट बोलला, "आई, नाश्ता केलास का."

मावशींचा हात थांबला. "कोण आलंय गं? ही कोण बाई?"

"आई, मी आहे. यंत्रातून बोलतो," यंत्रातल्या बाईने सांगितलं.

त्यांनी चाचपून टॅबलेट शोधला, त्यावरून हात फिरवला, मग मुलाच्या मनगटापर्यंत हात नेला आणि हसायला लागल्या. तीन महिन्यांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. "अरे, हे काय सोंग! माझा एवढा मोठा मुलगा, आणि आवाज बघा कसा, नव्या नवरीसारखा!" भाऊजींचेही खांदे हलले. त्यांच्या हसण्याला आता आवाज नसतो, गळ्यातून नुसती हवा येते. ताईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, सुटलो आपण. आता हे सांगतील, त्या थोडं रडतील, आणि सगळं मार्गी लागेल.

भाऊजी लिहायला लागले. मी हळूच त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो. अक्षरामागे अक्षर उमटत होतं. मधे दोनदा बोट लागलं नाही, दोनदा चुकलं, पुसून परत लिहिलं. मावशी तोंड त्यांच्याकडे करून धीराने बसल्या होत्या. पडद्यावर वाक्य पुरं झालं. 'आई, माझा आवाज आता कधीच येणार नाही.' आता फक्त बोलायचं बटण दाबायचं राहिलं होतं. बोट त्याच्यावर येऊन थांबलं.

तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "पण हे तोपर्यंतच ना? टाके सुकेपर्यंत? मग येईल ना तुझा स्वतःचा आवाज?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या श्वासावरून मावशींना काय कळलं कोण जाणे, त्या म्हणाल्या, "सूनबाई, तू बोलू नकोस. मी त्याला विचारतेय. येईल ना रे?"

त्यांचा चेहरा अगदी वर उचललेला होता. भाऊजी त्या चेहऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांचं बोट बटणावरून सरकलं आणि खाली, तयार शब्दांच्या ओळीत गेलं. पहिल्यांदा लागलं नाही. त्यांनी परत ठेवलं.

"हो," यंत्रातली बाई म्हणाली. चांगली खुशीत म्हणाली.

मावशींनी हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यांनी टॅबलेट हातांनी बाजूला सारला आणि मुलाच्या गळ्याशी, जिथे पट्टी होती तिथे, कान नेला. बराच वेळ तशाच राहिल्या. आत नुसती हवा जात-येत होती.

"तू स्वतः 'हो' म्हणाला असतास ना," त्या म्हणाल्या, "तर मला लगेच कळलं असतं, खरं सांगतोयस की माझी समजूत काढतोयस. हिच्या बोलण्यावरून काही कळत नाही रे."

भाऊजींनी टॅबलेट उचलला. लिहिलेलं वाक्य अजून तिथेच होतं. ते त्यांनी शेवटून पुसायला घेतलं, एक एक अक्षर. मधेच बोट लागेना, तरी ते दाबत राहिले.